ठकीला कोणते पुस्तक द्यावे?

चौतीस वर्षे मी बँकेच्या खिडकीमागे बसून लोकांचे पैसे मोजले. नोटांची गड्डी हातात आली की माझा अंगठा अजूनही आपोआप चालू लागतो. संध्याकाळी रोकड एका रुपयाने कमी भरली तर त्या रात्री मला जेवण जात नसे. तेव्हा गणित हा विषय आपल्याला उत्तम येतो, अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत आमच्या नातीने वयाच्या सहाव्या वर्षी मोडीत काढली. त्याचीच ही हकीकत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी गणितात फार पुढे धावणारे एखादे पोर असेल, आणि ‘ह्याला आता कोणते पुस्तक द्यावे?’ असा प्रश्न ज्यांना पडला असेल, त्यांना आमच्या चुकांचा काही उपयोग झाला तर बरे, म्हणून लिहीत आहे.

नातीचे खरे नाव सांगत नाही. मोठी झाल्यावर ती माझ्याशी भांडेल. घरात आम्ही तिला ठकी म्हणतो, आणि ती आम्हां सर्वांना ठकवते, तेव्हा हेच नाव चालू द्या.

एके दिवशी सकाळी मी चहा घेत असताना ठकी समोर येऊन उभी राहिली.

“आजोबा, बेचाळीस लिहिताना चार आधी लिहायचा ना?”

“हो. चार आधी, मग दोन.”

“मग म्हणताना ‘बे’ आधी का म्हणायचं?”

मी म्हटले, “तशी पद्धतच आहे.”

“आणि एकोणपन्नास? अजून पन्नास आलेसुद्धा नाहीत, तर त्यांचं नाव आधीच कशाला घ्यायचं?”

ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. चहा निवून गेला. वास्तविक ह्याच प्रश्नावर २०१९ साली उभ्या महाराष्ट्रात रणे माजली होती. दुसरीच्या नव्या पुस्तकात ‘तेवीस’बरोबर ‘वीस तीन’ असेही वाचायला दिले, म्हणून केवढे वादळ उठले! मीसुद्धा त्या वेळी कट्ट्यावर बसून ‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’ असे म्हणून घेतले होते. आता सहा वर्षांची पोर तोच प्रश्न विचारत होती, आणि तिला तो कोणी शिकवलेला नव्हता.

त्या वर्षीच्या दिवाळीत तिची आजी दारात ठिपक्यांची रांगोळी काढत होती. चार ओळी, दर ओळीत चार ठिपके. ठकी शेजारी उकिडवी बसली होती. ती एकाएकी म्हणाली, “आजी, ही एका ओळीनं मोठी करायची तर आणखी नऊ ठिपके लागतील. त्यानंतर अकरा. मग तेरा.” आजीने “बरं हो” म्हणून मान डोलावली. मी मात्र चष्मा लावून बाहेर आलो आणि मोजले. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार आणि कोपऱ्यात एक, झाले नऊ! एकात तीन मिळवले की चार होतात, त्यांत पाच मिळवले की नऊ, आणि सात मिळवले की सोळा. विषम संख्या ओळीने मिळवत गेले की वर्ग तयार होतात, हे मी शाळेत कधीतरी सूत्र म्हणून घोकले होते. हिने ते अंगणात डोळ्यांनी पाहिले होते.

मला अतिशय आनंद झाला, आणि त्या आनंदातच मी चुकलो.

दिवाळी संपताच मी पिशवी घेऊन अप्पा बळवंत चौक गाठला. पुण्यात पुस्तकांसाठी माणूस दुसरीकडे जातो कुठे? तिसरीचे गणित घेतले, चौथीचे घेतले, पाचवीचेही घेतले. शिवाय झटपट गुणाकाराचे एक पुस्तक आणि उदाहरणांचे एक जाडजूड गाइड. घरी येऊन गाइडाच्या शेवटची उत्तरांची पाने कात्रीने कापली आणि आपल्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवली. म्हटले, पोरीने लबाडी करू नये.

पोरीला लबाडीची गरजच नव्हती. तिसरीचे पुस्तक तिने तीन आठवड्यांत संपवले. चौथीचे पावसाळ्याच्या आत. मी खणातली पाने काढून उत्तरे ताडून बघत असे आणि बरोबरच्या खुणा करत असे. हळूहळू घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना ह्याची बातमी लागली. मीच लावली, हे कबूल करतो. पाहुणे आले की पोह्यांच्या बशीपाठोपाठ ठकी बाहेर येई. “ठके, सत्तावीस गुणिले त्रेचाळीस?” “अकराशे एकसष्ट!” पाहुणे टाळ्या वाजवत, आणि मी तो गुणाकार जणू माझाच आहे अशा थाटात बसून राही.

पुढच्या दिवाळीत फराळाला बरीच मंडळी जमली होती. एका गृहस्थांनी विचारले, “चौसष्ट गुणिले अडतीस?” ठकीने डोळे मिटले आणि म्हणाली, “तेवीसशे बत्तीस.” त्या गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढला, बोटे फिरवली आणि म्हणाले, “चुकलीस! चोवीसशे बत्तीस!” सगळे हसले. वाईट हेतूने कोणीही हसले नाही. मीही हसलो. ठकी आत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिने गणित सोडले. “मला गणित आवडत नाही,” एवढेच ती सांगे. पाचवीचे पुस्तक कपाटाखाली गेले. शाळेतले साधे पाढेसुद्धा म्हणेना. बाईंनी चिठ्ठी पाठवली की मुलगी वर्गात खिडकीबाहेर बघत बसते. महिना गेला, दीड महिना गेला. एकदा तिची वही चाळताना मागच्या पानावर मला ठिपके दिसले. सहा ओळी, दर ओळीत सहा. त्यांवर पेन्सिलीने इतकी गिरमिट केली होती की कागद फाटला होता.

रात्री मी सूनबाईंजवळ विषय काढला. त्या फारशा बोलत नाहीत, पण त्या दिवशी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, “बाबा, तिला गणित आवडत होतं. तुम्ही तिला उत्तरं विचारायला लागलात.”

मला त्या रात्री झोप लागली नाही. राहून राहून माझी थोरली बहीण आठवत होती. आम्ही तिला अक्का म्हणत असू. अक्काच्या काळी आणे-पैंचा हिशेब होता, आणि सव्वा, दीड, अडीचचे पाढे ती झोपेतही म्हणे. दुकानदाराच्या आधी तिचा हिशेब तयार असे. १९५६ साली सातवी झाल्यावर तिची शाळा बंद झाली. तिच्या मालकीचे गणिताचे पुस्तक आयुष्यात एकच, ते म्हणजे एक फाटकी अंकलिपी. लग्नकार्यात, वाटण्यांत, घरबांधणीत सगळे नातेवाईक तिला आकडे विचारत आणि ती उत्तरे देई. अक्का जाऊन आता काही वर्षे झाली. सत्तर वर्षांत तिला उत्तराखेरीज कोणी काही विचारले नाही. तुला ह्यात काय दिसते, असे तिला कोणीच विचारले नाही, आणि त्यात मीही होतो. ठकीला मी पुस्तकांचा ढीग आणून दिला, परंतु विचारले काय? तेच, जे अक्काला विचारत होतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त गणितमास्तर राहतात. पूर्वी आमचा वाडा एक होता. आता वाडा पाडून सोसायटी झाली, तरी शेजार टिकला आहे. सकाळी त्यांच्याकडे गेलो आणि सगळे सांगितले. मास्तरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “कॅशियरसाहेब, तुम्ही पोरीला पुढच्या इयत्तेची पुस्तकं दिलीत. पुढची इयत्ता म्हणजे तोच रस्ता, फक्त जरा लांब. तिला रस्ता संपवायची घाई नव्हतीच. तिला रस्ता सोडून रानात शिरायचं होतं.”

“मग पुस्तक कोणतं देऊ?”

“आज पुस्तक देऊ नका. आज एक कोरा कागद घ्या आणि स्वतः आकडेमोड करत बसा. तिला बोलावू नका.”

आणि त्यांनी मला कापरेकरांचा खेळ शिकवला.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव आपल्याकडे जितके ठाऊक असायला हवे तितके नाही. १९०५ साली डहाणूला त्यांचा जन्म झाला. फर्ग्युसन कॉलेजात असताना १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे ह्यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळवले, आणि पुढे सारा जन्म नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर म्हणून काढला. मोठी पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांशी खेळणे एवढाच ह्या गृहस्थांचा नाद. १९४९ साली त्यांना एक विलक्षण गोष्ट सापडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या संख्येवर पुन्हा तेच करा. फार तर सात वेळा केले की ६१७४ ही संख्या येते, आणि एकदा आली की ती जागची हलत नाही.

उदाहरणार्थ ३५२४ घ्या. ५४३२ मधून २३४५ गेले, उरले ३०८७. आता ८७३० मधून ०३७८ वजा करा, ८३५२ आले. ८५३२ मधून २३५८ गेले, आणि आले ६१७४! आता ७६४१ मधून १४६७ वजा करून पाहा. पुन्हा ६१७४ च.

मी जेवणाच्या टेबलावर बसून हे करू लागलो. बँकेतला माणूस असूनही दोनदा वजाबाकी चुकलो. ठकी पाणी प्यायला म्हणून आली आणि मागे उभी राहिली. “आजोबा, हातचा विसरलात.” मी म्हटले, “होय की!” थोड्या वेळाने: “परत तेच आलं?” मी म्हटले, “का येतंय ते मला कळत नाही बुवा.” हे मी नाटक म्हणून म्हटले नाही. मला खरोखरच कळत नव्हते.

तिने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. रात्री साडेनऊपर्यंत ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिने तीन अंकी संख्यांवर तोच प्रयोग केला आणि तिला ४९५ सापडले. मग दोन अंकी घेतल्या. तेथे मौजच झाली. कोणतीही एक संख्या थांबेना. नवातून एक्क्याऐंशी, एक्क्याऐंशीतून त्रेसष्ट, त्रेसष्टातून सत्तावीस, सत्तावीसातून पंचेचाळीस आणि पंचेचाळीसातून पुन्हा नऊ! “आजोबा, हे फुगडी घालतायत!” असे ती ओरडली. पन्नास दिवसांनी आमच्या घरात ती गणितावरून ओरडली होती. मी चष्मा पुसायचे निमित्त केले.

ह्यानंतर मी पुन्हा मास्तरांकडे गेलो आणि म्हटले, आता तरी पुस्तके सांगा. त्यांनी तीन कसोट्या सांगितल्या. त्या मी तशाच वाचकांपुढे ठेवतो, कारण त्यांनी आमचे पुष्कळ पैसे वाचवले.

पहिली कसोटी: पुस्तक कोणत्याही पानावर उघडता आले पाहिजे. पहिल्या धड्यावाचून दुसरा कळत नाही असे पुस्तक शाळेसाठी ठीक. पण हुशार मूल चौथ्या पानावरून चाळिसाव्यावर उडी मारते, तेव्हा त्याला मागे ओढू नये.

दुसरी: प्रश्न आणि उत्तर ह्यांच्यामध्ये मुलाच्या हातांना काम असले पाहिजे. मोजायला, कापायला, मांडायला, चुकायला. ज्या पुस्तकात प्रश्नाखाली लगेच युक्ती आणि युक्तीखाली लगेच उत्तर आहे, ते कितीही रंगीत असले तरी तेथे मुलाने करायचे काय?

तिसरी कसोटी मला सर्वांत आवडली: पुस्तकात देणाऱ्यालाही काही नवे असावे. म्हणजे तो परीक्षक होऊन समोर बसत नाही. बरोबरीने शेजारी बसतो.

आता पुस्तकांची नावे. अगदी लहान, पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी आन्नो नावाच्या जपानी चित्रकारांचे एक पुस्तक आहे. मित्सुमासा आन्नो आणि त्यांचे चिरंजीव मासाइचिरो ह्या दोघांनी मिळून ते केले. इंग्रजीत ते १९८३ साली आले. एका बरणीत पाणी, पाण्याचा समुद्र होतो, समुद्रात एक बेट, बेटावर दोन देश, दर देशात तीन डोंगर, असे करत करत शेवटी दर पेटीत दहा बरण्या. एकूण बरण्या किती? छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे! शब्द इतके थोडे आहेत की आजीनेही वाचून दाखवावे. एक, दोन, तीन असे करता करता दहापर्यंत एवढा डोंगर उभा राहतो हे पाहून ठकी दोन दिवस घरात ‘छत्तीस लाख’ म्हणत हिंडत होती.

मराठीत मंगला नारळीकर ह्यांची ‘गणितगप्पा’ घ्यावी. मंगलाबाई स्वतः गणितज्ञ, पण लिहिताना त्या मुलांशी खरोखरच गप्पा मारतात. ज्या ‘वीस तीन’वरून वादळ उठले, त्या पुस्तकाच्या समितीचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. २०२३ साली त्या गेल्या. कट्ट्यावर बसून मी जे बोललो होतो, त्याची माफी मागायची माझी राहूनच गेली.

तिसरे नाव याकोव्ह पेरेलमान ह्यांचे. १८८२ साली जन्मलेले हे रशियन लेखक. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने गेले. त्यांची पुस्तके मॉस्कोहून इंग्रजीत छापून येत, आणि माझ्या तरुणपणी गावोगावच्या प्रदर्शनांत ती भाजीच्या भावाने मिळत. त्या वेळी मी त्यांना हात लावला नाही. आता रद्दीच्या दुकानात एक प्रत मिळाली. अफवा किती वेगाने पसरते, ह्यावर त्यात एक फक्कड प्रकरण आहे. आम्ही ते आमच्या पेठेला लावून पाहिले. एकाने पाव तासात तिघांना सांगितले, त्या प्रत्येकाने पुढच्या पाव तासात नव्या तिघांना, तर अडीच तासांत ८८,५७३ माणसांना बातमी कळते. ठकीच्या आजीचे म्हणणे असे की आमच्या पेठेत एवढा वेळ लागत नाही.

ज्यांना रद्दीची दुकाने धुंडाळणे जमत नाही त्यांनी निराश होऊ नये. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता ह्यांनी अशी हजारो पुस्तके, कित्येक मराठीतलीही, इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली आहेत.

जरा मोठ्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी हान्स माग्नुस एन्त्सेन्सबेर्गर ह्या जर्मन कवीचे आकड्यांच्या भुताचे पुस्तक आहे. १९९७ साली ते निघाले, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर मिळते. गणिताचा तिटकारा असलेल्या एका मुलाच्या स्वप्नात बारा रात्री एक भूत येते आणि त्याला आकड्यांच्या गमती दाखवते. मोठमोठ्या संज्ञांना ते भूत आपली चमत्कारिक नावे देते. ठकीलाही तोच नाद लागला. मूळ संख्यांना ती ‘हट्टी संख्या’ म्हणते, कारण त्या कोणाकडून वाटून घेत नाहीत.

आणि भास्कराचार्यांची ‘लीलावती’ विसरू नका. ११५० साली लिहिलेल्या ह्या ग्रंथातली उदाहरणे मराठीत समजावून देणारी पुस्तके आहेत. भुंग्यांच्या थव्याचे उदाहरण मी ठकीला गोष्ट म्हणून सांगितले. थव्याचा पाचवा भाग एका झाडावर गेला, तिसरा भाग दुसऱ्यावर. ह्या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्यावर. आणि एक भुंगा मागे भिरभिरत राहिला. भुंगे किती? मी समीकरण मांडण्याच्या तयारीत होतो. ठकी म्हणाली, “भुंग्याचे तुकडे करायचे नाहीत ना? मग तीन आणि पाच, दोघांनी भाग जायला हवा. पंधरा, नाहीतर तीस, नाहीतर पंचेचाळीस.” तिने पंधरा शेंगदाणे मांडले. तीन, पाच, सहा आणि एक. सुटले! चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढला, असे त्यात नमूद आहे. त्यांच्याकडे नातवाने आजोबांची पुस्तके जपली. आमच्याकडे आजोबा नातीची जपत आहेत, एवढाच फरक.

येथे एक व्यवहारातली अडचण सांगितली पाहिजे. अशा मुलाची सगळी वये एक नसतात. ठकी सात वर्षांची होती तेव्हा तिचे गणित अकरा-बारा वर्षांचे होते, वाचन आठ वर्षांचे, हस्ताक्षर सहाचे, आणि रडणे अगदी सात वर्षांचेच. अकरा वर्षांच्या मुलाचे पुस्तक तिच्या हातात दिले तर गणित कळते, पण वाक्य कळत नाही. मग मूल चिडते, आणि आपण म्हणतो ‘झेपले नाही’. ह्यावर उपाय एकच: पुस्तक आपण वाचून दाखवावे, इंग्रजी असेल तर मराठीत सांगत जावे, आणि लिहिण्याचे काम थोडे आपल्याकडे घ्यावे. तिने सांगावे, मी लिहावे, असे आमचे चालते. बँकेतल्या हस्ताक्षराचे एवढे चीज पूर्वी कधी झाले नव्हते.

झटपट गणिताची पुस्तके देऊच नयेत काय? देऊ नयेत असे नाही. ९८ गुणिले ९७ करताना शंभराला दोन आणि तीन कमी पडतात, त्यांची बेरीज पाच शंभरातून वजा करून ९५, आणि गुणाकार सहा म्हणून ०६, उत्तर ९५०६. युक्ती छान आहे. परंतु ती ‘किती सेकंदांत?’ म्हणून विचारली तर सर्कस होते. ‘ही का चालते?’ म्हणून विचारली तर तेच गणित होते. पुस्तक तेच असते, फरक विचारणाराचा.

काही पालक रामानुजनांचा दाखला देतात. १९०३ च्या सुमारास, पंधरा-सोळा वर्षांच्या रामानुजनांच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिकवणी-मास्तरांचे पुस्तक पडले. सुमारे पाच हजार सिद्धांत, बहुतेक सिद्धतेशिवाय, नुसते ओळीने मांडलेले. त्यातून एवढा थोर गणिती घडला, तेव्हा आमच्या मुलालाही जाड पुस्तक द्या, असे हे लोक म्हणतात. पण रामानुजनांना ते पुस्तक लाभले, कारण त्यात सिद्धता नव्हत्या. प्रत्येक ओळीखालची रिकामी जागा त्यांनी स्वतः भरली. आणि हेही विसरू नये की त्याच ध्यासात इतर विषयांत नापास होऊन त्यांची कॉलेजची शिष्यवृत्ती गेली. रानात शिरलेल्या मुलाला जेवायला घरी बोलावणारे कोणीतरी हवेच. आमच्याकडे ते खाते सूनबाईंचे आहे.

शाळेचे काय, असेही विचाराल. आम्ही वर्गाच्या बाईंना भेटलो आणि हात जोडून एवढेच मागितले की वर्गातली उदाहरणे झाल्यावर ठकीला दप्तरातले आपले पुस्तक काढू द्यावे. बाई समंजस निघाल्या. आता चिठ्ठ्या येत नाहीत.

ह्या सगळ्यात अक्काची अंकलिपी मी ट्रंकेतून शोधून काढली. तिच्यात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे सगळे आहे. साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकीसुद्धा. मला वाटले, ठकी ती बाजूला टाकील. तिने ती रात्रभर उशाशी ठेवली. सकाळी म्हणाली, “आजोबा, औटकीत एकाआड एक आकडा पूर्ण येतो. पाऊणकीत मात्र दर चौथा. हे त्या आजींना माहीत होतं का?” मी म्हटले, “माहीत असणार. आम्ही विचारलं नाही.”

ठकी आता नऊ वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिने एक वही भरून काढली. चार म्हणजे दोन आणि दोन, सहा म्हणजे तीन आणि तीन, आठ म्हणजे तीन आणि पाच, अठ्ठावीस म्हणजे पाच आणि तेवीस. प्रत्येक सम संख्या दोन ‘हट्टी’ संख्यांची बेरीज म्हणून तिला लिहिता येत होती. शंभरापर्यंत पोचल्यावर तिने विचारले, “पुढंही नेहमी येतं का?” मी तिला घेऊन मास्तरांकडे गेलो.

मास्तर वही बघून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बाळ, १७४२ साली गोल्डबाख नावाच्या माणसानं ऑयलर नावाच्या फार मोठ्या गणितज्ञाला एक पत्र लिहिलं. त्या पत्रातून हाच प्रश्न निघाला. अजून कोणालाही तो सोडवता आलेला नाही.”

“कोणालाच? मोठ्या माणसांनासुद्धा?”

“कोणालाच.”

ठकी माझ्याकडे वळली. “म्हणजे आजोबा, ह्याच्या उत्तराचं पान कोणाच्याच खणात नाही?”

घरी आल्यावर मी खण उघडला. गाइडाची कापलेली पाने अजून तेथेच होती. ती रद्दीत घातली आणि कुलूप काढून टाकले. ह्या दिवाळीत तिच्यासाठी एकच नवे पुस्तक आणले आहे, आणि बरोबर शंभर पानी कोऱ्या वह्या सहा. आजीची रांगोळी ह्या वर्षी पंधरा ओळींची होणार, असे ऐकतो. ठिपके किती लागतील ते मी विचारलेले नाही. शेजारी बसून मोजणार आहे.